तिसऱ्या पोर्टचा तळ

आरशासारखा घासलेला पोर्ट बघितला की मला शिसारी येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा माणूस एकदम का भडकला. मी एकदम भडकत नाही. माझं भडकणं बारा महिने मंद आचेवर चालूच असतं.

माझा धंदा इंजिनाच्या डोक्याचा. डोकं म्हणजे सिलिंडर हेड, इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह बसतात तो भाग. हवा आणि पेट्रोल त्यातल्या एका वाटेने आत जातात, जळलेला धूर दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. या वाटांना आम्ही पोर्ट म्हणतो. कारखान्यातून हेड येतं तेव्हा या वाटा ओबडधोबड असतात, कुठे ओतकामाची धार राहिलेली, कुठे वळण अवघड. शर्यतीच्या गाडीला जास्त श्वास लागतो, म्हणून लांब दांड्याचा कटर आत घालून मी त्या कोरतो. पण मापाने. वाट गरजेपेक्षा मोठी केली की हवा सुस्तावते. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब उडतं, हे शेंबड्या पोराला कळतं, गाडीवाल्यांना कळत नाही. त्यांना भोक मोठं हवं आणि वर चकाकी हवी. धुराची वाट घासा हवी तेवढी, तिथे काजळी कमी धरते. पण आत येणाऱ्या वाटेला थोडा खरखरीतपणा लागतोच, नाहीतर पेट्रोल भिंतीला थेंबाथेंबाने चिकटून बसतं. हे मी शंभर वेळा सांगितलंय. गिऱ्हाईक येतं, पोर्टमध्ये स्वतःचं नाक दिसतंय का बघतं, आणि दिसलं की खूश होऊन त्या नाकाचा फोटो काढतं.

या चकाकीचं खूळ पसरवणारा माणूस म्हणजे माझा साडू. त्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर, पुढून अख्खं काचेचं. माझी शेड मागच्या गल्लीत, टायरवाला आणि सोफे दुरुस्त करणारा यांच्या मधोमध. पूर्वी आम्ही दोघं याच शेडमध्ये होतो. मी हेड कोरायचो, तो इंजिन बांधायचा आणि शर्यतीत चालवायचाही तोच. अकरा वर्षांपूर्वी मी कोरलेल्या एका हेडवर त्याने टेकडीच्या चढाची शर्यत मारली. लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. आणि दोन आठवड्यांनी मी सकाळी शेडमध्ये येऊन बघतो तर हा गृहस्थ त्याच हेडचे पोर्ट पॉलिशच्या मऊ चाकाने घासत बसलेला. माझे कटरचे फेर, माझी चार महिन्यांची मेहनत, सगळं पुसून त्याने आरसा केला होता. मी नको नको ते बोललो. तो मान वर न करता घासत राहिला. "शोकेसमध्ये ठेवायचंय," एवढंच म्हणाला.

त्याच महिन्यात तो वेगळा झाला. हेड त्याच्या नव्या दुकानात काचेच्या कपाटात गेलं, खाली दिवा, वर कुलूप. तेव्हापासून मी त्याला आरसेवाला म्हणतो आणि आमचं बोलणं बंद आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांचं रोज सकाळी तासभर फोनवर चालू असतं, त्यामुळे त्याच्या घरी भाजी करपली तरी मला कळतं.

म्हणूनच परवा गुरुवारी सकाळी त्याची मुलगी शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा ती कशाला आली असेल याचा मला अर्धा अंदाज होता. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. लहानपणी याच शेडमध्ये ती दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायची आणि चक्कर येऊन पडायची. आता चोवीस वर्षांची आहे आणि बापासारखी टेकडीवर गाडी चालवते. मंगळवारी सरावात तिच्या गाडीचं हेड तडकलं, हे बायकोकडून आलंच होतं. रविवारी शर्यत. पहिल्या दोघांना एक मोठा संघ वर्षभरासाठी घेणार होता आणि त्या संघाची वयाची अट चोवीस. म्हणजे हा रविवार हुकला की संपलं.

तिने घोंगडीत गुंडाळलेलं एक हेड माझ्या बाकावर ठेवलं.

"बाबांनी नवीन केलंय, काका," ती म्हणाली. "खालच्या वेगाला ओढणार नाही असं वाटतंय. तुम्ही एकदा बघता? बाबांना सांगू नका."

मी घोंगडी उघडली. बाहेरून काळा रंग फासलेला, तोही अजून चिकट. माझ्या बोटांना लागला. हेडला रंग! गरम झाला की त्याचा वास सुटतो, पापुद्रे निघतात, आणि तेल गळतंय की रंग उतरतोय ते कळत नाही. मी बोटं फडक्याला पुसली आणि पोर्टमध्ये बॅटरी मारली. आतून माझेच दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

"शी!" मी म्हणालो. खरंच तोंडाला पाणी सुटलं, मळमळल्यावर सुटतं तसलं. "हे पोर्ट आहेत की न्हाव्याचं दुकान?"

"काका, मोजा तरी."

हेड फ्लो बेंचवर चढवलं. फ्लो बेंच म्हणजे हेडमधून हवा ओढून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र. माझं मी स्वतः बांधलेलं आहे, जुन्या व्हॅक्यूम मोटरींचं, आवाज करतं पण खोटं बोलत नाही. पहिला पोर्ट, दुसरा पोर्ट, चौथा. आकडे चांगले होते. इतके चांगले की मला राग आला. घासून घासून मोठा केलेला पोर्ट, तरी वळणाचा आकार कुणीतरी आधी नीट काढलेला होता. आरसेवाल्याला हे कधी जमायला लागलं? तिसऱ्या पोर्टला आकडा बाकीच्यांसारखाच, पण मोटर बंद केल्यावर मी सवयीने आत बोट घातलं आणि तळाला, जिथे वाट व्हॉल्व्हकडे वळते तिथे, बोट अडखळलं.

नखाएवढी जागा घासलेली नव्हती. भोवती आरसा आणि मध्ये हा मंद डाग. "बघ," मी भिंगरीला म्हणालो, "चकाकी तरी धड करायची! तीही अर्धवट." मग मी अणकुचीदार सळईने तिथे टोचलं. धातू टणटण वाजतो. इथे आवाज मेला.

पुट्टी होती.

हेडच्या पोटात पोर्टच्या अगदी खालून थंड पाणी खेळतं. तळ जास्त कोरला की भिंत पातळ होते, आणखी कोरला की आरपार जाते. आरपार गेलं की प्रामाणिक माणूस हेड भंगारात टाकतो, किंवा चांगल्या वेल्डरकडे नेतो. हरामखोर माणूस तिथे पुट्टी भरतो. पुट्टी टिकते, दोन दिवस टिकते, दोन महिनेही टिकते, आणि एके दिवशी भर वेगात सुटते. पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही. इंजिन जागच्या जागी आवळतं, मागची चाकं जाम होतात आणि गाडी कुठे जायचं ते स्वतः ठरवते. टेकडीच्या रस्त्याला एका बाजूला कठडा आहे आणि कठड्यापलीकडे काही नाही.

मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मला इथे लिहवत नाही. थोडं लिहितो. मी म्हणालो, तुझा बाप काचेत बसून काचेसारखा ठिसूळ झालाय. म्हणालो, पोटच्या पोरीला पुट्टीवर बसवून टेकडीवर पाठवणारा माणूस माणूस नसतो. म्हणालो की अकरा वर्षं मी त्याला नुसता दिखाऊ समजत होतो, तो सडका आहे हे आज कळलं. त्याच्या ताटात जेवलो याची किळस येते असंही म्हणालो. भिंगरी पांढरी पडली. "काका, ऐका ना, ते..." असं दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. मला मजा येत होती. अकरा वर्षं जे तोंडसुख घ्यायचं राहिलं होतं ते आयतं समोर आलं होतं, आणि मी सळईने ती पुट्टी उकरत होतो.

एक तुकडा निघून तळहातावर पडला. उजेडात तो चमकला.

पुट्टी करडी असते, चमकत नाही. त्यात ॲल्युमिनियमचा कीस मिसळला तर चमकते. बाकावर पडलेला कीस चाळणीने चाळून, चिमूट चिमूट घालून मळायचा, म्हणजे रंग धातूशी जुळतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ही युक्ती मी कुणाला शिकवलेली नाही. साडूलाही नाही.

खाली गव्हाच्या दाण्याएवढं भोक होतं. माझा दिवा बाकाच्या डाव्या अंगाला आहे. तिसऱ्या पोर्टला हात आत गेला की माझ्याच मनगटाची सावली नेमकी त्या वळणावर पडते. मी तिथे नेहमी बोटाच्या अंदाजाने कोरतो. मला त्याचा अभिमान आहे. होता.

"काका," भिंगरी म्हणाली, "ते नवीन नाहीये. बाबांच्या कपाटातलं आहे. किल्ली मी घेतली. तुम्ही ओळखाल म्हणून रंग मीच मारला. बाबांच्या वेळचे आकडे परत कुणालाच आले नाहीत म्हणतात ना, म्हणून मला..."

मी स्टुलावर बसलो. शर्यतीच्या चार दिवस आधी ते भोक पडलं होतं. दुसरं हेड कोरायला वेळ नव्हता. एकच तर शर्यत आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं, नंतर नवीन करून देऊ. साडूला सांगितलं असतं तर तो चालवायला बसला नसता, किंवा बसला असता आणि घाबरत चालवली असती. म्हणून सांगितलं नाही. मग तो जिंकला. सगळे माझा हात धरून हलवत होते, या हाताने काय कोरलंय म्हणत होते, आणि तेव्हा कोण सांगणार. मग त्याने पोर्ट घासून ठेवले, मी कडाडून भांडलो, आणि भांडता भांडता सुटल्यासारखं वाटलं होतं, की आता हे हेड परत कधी गाडीवर चढणार नाही. पुढे रागच एवढा मोठा झाला की त्याच्याखाली भोक दिसेनासं झालं. विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर विसरायची सोय करून घेतली.

"मग परत भरा ना," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"पुट्टी. परत भरा. बाबा जिंकलेच की याच्यावर. पाच मिनिटांचा तर चढ आहे, काका. एकच शर्यत."

माझेच शब्द. माझ्याच शेडमध्ये. मला स्वतःच्या हातांचा असा वीट आला की ते मी मांडीखाली घेऊन बसलो.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली आणि साडू आत आला. कपाट रिकामं दिसल्यावर त्याने बायकोला विचारलं असणार, तिने बहिणीला, आणि माझ्या बायकोने शेडमागच्या आमच्या घरातून भिंगरीला येताना बघितलं असणार. अकरा वर्षांत तो शेडमध्ये पहिल्यांदा आला. केस सगळे गेलेत. त्याने बाकावरचं हेड बघितलं, सळई बघितली, माझ्या पायाशी पडलेले पुट्टीचे तुकडे बघितले.

"गाडीवर चढवलं नाहीस ना?" त्याने मुलीला विचारलं.

"नाही. बाबा, याला भोक आहे. हे कुणी..."

"माझ्या हातून झालं," साडू म्हणाला. लगेच म्हणाला, आधीच ठरवून ठेवल्यासारखं. "घासताना. जुनी गोष्ट आहे. चल घरी."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी पाच मिनिटांपूर्वी तिच्या बापाला काय काय म्हणालो होतो ते तिच्या डोळ्यांत तसंच होतं. गप्प बसलो असतो तर ते तिथेच राहिलं असतं, आणि मी त्याच्यावर आयुष्यभर नाक मुरडत सुखात जगलो असतो. किती सोपं होतं. पुट्टी भरण्याइतकंच.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो. "भोक माझं आहे. पुट्टीही माझी. शर्यतीच्या आधीची. तुझा बाप त्याच्यावर टेकडी चढला आणि मी त्याला सांगितलं नव्हतं."

शेजारी सोफेवाला खिळे ठोकत होता.

"तुला कधी कळलं?" मी साडूला विचारलं.

"त्याच दिवशी. टेकडीवरून खाली उतरल्यावर बघितलं तर रेडिएटरमधलं पाणी अर्ध्यावर आलेलं. मग हेड उतरवून पाण्यात बुडवलं, आत हवा सोडली. तिसऱ्या पोर्टातून बुडबुडे."

"मग घासलंस कशाला?"

"लोक रोज मागायला येत होते. ते हेड द्या, एका शर्यतीला द्या. भंगारात टाकलं असतं तर तू विचारलं असतंस, का टाकलं. घासून वाया घालवलं तर कुणी मागणार नाही असं वाटलं. तिथे तेवढं घासलं नाही, पुट्टी सुटेल म्हणून."

"मला बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली," तो म्हणाला. "दोन आठवडे थांबलो. मग घासायला बसलो, म्हटलं आता तरी बोलेल. तू आलास आणि मला शिव्या घातल्यास."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. यातलं काहीच केलं नाही. मी उठलो, मागच्या फळीवरचं फडकं काढलं आणि माझं स्वतःचं हेड खाली उतरवलं. तेच मॉडेल. तीन वर्षं मी ते सवडीने कोरत होतो, कुणासाठी नाही, कुणाला दाखवलंही नव्हतं. पोर्ट खरखरीत, बारीक, वळणं अशी की फ्लो बेंचवर हवा आवाजच करत नाही. याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

"हे घे," मी भिंगरीला म्हणालो.

तिने ते दोन्ही हातांनी उचललं. आत बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला कळतं. तिच्या बोटांना कळतं.

"बुडवून बघितलंयस?" साडूने विचारलं.

माझ्याकडे बुडवायची टाकी नाही. कधी घेतली नाही. मला बोटांनी कळतं, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

दोन्ही हेडं त्याच्या गाडीत टाकून आम्ही तिघं त्याच्या दुकानात गेलो. काच, दिवे, पॉलिशचा वास, भिंतीवर चकचकीत पोर्टांचे फोटो. एरवी मला तिथे उभं राहवलं नसतं. रिकाम्या कपाटातला दिवा अजून चालू होता. मागच्या खोलीत साडूने माझ्या हेडच्या पाण्याच्या वाटा रबराने बंद केल्या, हवेची नळी जोडली आणि हेड टाकीत सोडलं. बाहेरून चिकटलेली हवा सुटून गेली, पाणी शांत झालं. साडू दाबाच्या काट्याकडे बघत होता. भिंगरी फोनवर कुणाला तरी सांगत होती की गाडी तयार ठेवा, आज दुपारी इंजिन बांधायचं. मी पाण्यात बघत होतो.

काटा हलला नाही. खूप वेळ काही झालं नाही. मग तिसऱ्या पोर्टच्या वळणातून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला, भिंतीला धरून वर सरकला आणि फुटला.

तो मी एकट्याने बघितला.

"आहे," मी म्हणालो. "बुडबुडा आहे. तिसरा पोर्ट."

साडू वाकला. भिंगरीने फोन खाली घेतला. "अडकलेली हवा असेल, काका," ती म्हणाली. "असं होतं. काटा बघा ना, हलला पण नाही."

"दाब वाढव," मी साडूला म्हणालो.

त्याने वाढवला. आम्ही तिघं पाण्यावर डोकी एकत्र करून उभे होतो, आणि मी मनात म्हणत होतो की दुसरा येऊ नये. मग दुसरा आला. त्याच्यामागे तिसरा, त्याच जागेतून, माझ्या मनगटाची सावली जिथे पडते तिथून.

आज दुसरं हेड मिळणार नव्हतं. मिळालं तरी रविवारपर्यंत कोरून होणार नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं. भिंगरीने फोन कानाला लावला, "नको, राहू दे," म्हणाली आणि बंद केला. मग ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती.

"तेव्हाच बोलला असतात, काका, तर तुम्ही दोघं एकत्र राहिला असतात," ती म्हणाली. "ही टाकी तुमच्याच शेडमध्ये असती. आणि माझ्याकडे आज हेड असतं."

ती काचेचं दार ढकलून बाहेर गेली. तिचं सगळं खरं होतं.

साडूने हवा बंद केली, पाण्यात हात घालून हेड बाहेर काढलं आणि फडक्याने पुसायला लागला, हळूहळू, प्रत्येक पोर्ट आतून. अकरा वर्षांपूर्वी तो असाच घासत बसला होता आणि मी वर उभा राहून ओरडत होतो.

"पुसू नकोस," मी म्हणालो. "पंच दे."

त्याने हातोडी आणि खूण ठोकायचा पंच दिला. मी तिसऱ्या पोर्टशेजारी, बाहेरून दिसेल अशी, खोल फुली ठोकली, बाद मालावर ठोकतात तशी. मग त्याच्या गाडीतून ते जुनं, चिकट काळं हेड आणलं आणि त्याच्यावरही तशीच ठोकली.